कुस्कोची पालखी

दादाभाऊंच्या नातीचं, समृद्धीचं, बारसं झालं ते २०२४ साल. बारसं मार्चात झालं आणि जूनमध्ये दादाभाऊ विमानात बसून पेरू देशाला गेले. बारशाला घरचे, दारचे, सोयरे सगळे आले; फक्त दादाभाऊंचे सख्खे धाकटे भाऊ बाळासाहेब आले नाहीत. त्यांनी आंगडं-टोपडं पाठवलं, तेही शेजारच्या ज्ञानेश्वरच्या हातून. कारण पाळण्यापाशी बाळकृष्णाची मूर्ती ठेवली होती. मूर्ती म्हणजे देव, आणि एका देवापुढं दोघा भावांनी एका वेळी उभं राहायचं नाही अशी शपथ होती.

ती शपथ आधी सांगितली पाहिजे.

राजुरीच्या पलीकडं ओढ्याकाठी त्यांची वाडी. वाडीला खंडोबाचं देऊळ, चैत्री पुनवेला यात्रा, आणि यात्रेला बैलगाड्यांची शर्यत. दोघा भावांचा एकेक बैल होता आणि दोन्ही एकाच जुवाला जुंपायचे. २०१४ च्या यात्रेत लाउडस्पीकरवाल्यानं नाव पुकारलं ते बाळासाहेबांचं आधी आणि दादाभाऊंचं नंतर. थोरल्याचं नाव मागं पडलं. दादाभाऊ म्हणाले, हे मुद्दाम केलं. बाळासाहेब म्हणाले, पुकारणाऱ्याला विचारा. पुकारणारा चहा प्यायला गेला होता. तो परत येईपर्यंत प्रकरण देवळात पोचलं आणि दादाभाऊंनी भंडारा उचलला.

"आईच्या गळ्याची आण. हा ज्या देवापुढं उभा राहील, तिथं मी उभा राहायचा न्हाई."

बाळासाहेबांनीही त्याच ताटलीतला भंडारा उचलून तीच शपथ घेतली. शब्दही तेच. घाईत वेगळे सुचले नाहीत.

पुढच्याच महिन्यात कोर्टानं बैलगाड्यांच्या शर्यतीच बंद केल्या. ज्याच्यावरून भांडण झालं ते उभ्या राज्यात कुठं राहिलं नाही. शपथ राहिली.

राग दोन पावसाळ्यांत ओसरला. पण शपथेला पावसाळा लागत नाही. आईच्या गळ्याची आण, मोडली तर आईचं बरंवाईट होणार, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून दोघांनी ती नीट पाळली. देवळात दादाभाऊ सकाळी जायचे, बाळासाहेब संध्याकाळी. भावकीतल्या लग्नाला एक हळदीला, दुसरा अक्षतांना. बोलणं आपोआपच बंद झालं, कारण जिथं चार माणसं जमतात तिथं कुठला ना कुठला देव असतोच.

राहिल्या त्यांच्या आई, गोजरबाई. शपथ झाली तेव्हा त्या घरी पुरण वाटत होत्या. शपथेत आपला गळा अडकलाय हे त्यांना कुणी सांगितलं नाही. असलं कुणी ज्याचं त्याला सांगत नसतं. त्यांना एवढंच कळलं की पोरं भांडली आणि आता बरोबर देवाला जात नाहीत. मग त्यांनीही आपलं काढलं: दोघं बरोबर आल्याशिवाय मी खंडोबाची पायरी चढायची न्हाई. दर यात्रेला त्या पडवीत बसायच्या आणि देवळाकडं जाणाऱ्या बायकांना पोटभर न्याहाळायच्या.

दादाभाऊंना हेच एक लागून राहिलं होतं. आई नव्वदीला टेकली. डोळे मिटायच्या आत तिनं एकदा आपला देव बघावा. पण भावाला बरोबर घ्यावं तर शपथ मोडते आणि आई जाते. न घ्यावं तर आई जागची हलत नाही. इकडं आड, तिकडं विहीर, आणि आईला हे सांगायचीही सोय नाही. दहा यात्रा अशा गेल्या.

त्यात द्राक्ष बागायतदारांचा अभ्यासदौरा निघाला. पेरू देश द्राक्षं परदेशी धाडण्यात आपल्या पुढं गेला, तेव्हा तो काय करतो ते जाऊन बघायचं. दौऱ्याचा म्होरक्या आदेश. हा कळंबचा, बागांना सल्ला देणारा, इंग्रजी बोलणारा. दादाभाऊंना वाटलं बाळासाहेब येणार नाहीत, बाळासाहेबांना वाटलं दादाभाऊ येणार नाहीत, म्हणून दोघांनीही नावं दिली. विमानतळावर दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही आपापली बॅग तपासायला लागले.

आदेशला हे काही माहीत नव्हतं. आडनाव एक दिसलं म्हणून त्यानं दोघांना सगळीकडं एकच खोली लावली.

द्राक्षांचं म्हणाल तर तिकडं थंडीचे दिवस होते. वेलींना पान नव्हतं. जुन्नर-आंबेगावचे सगळे बागायतदार ओळीनं उभे राहून काड्या बघत होते. काड्या आपल्यासारख्याच होत्या. मग आदेश म्हणाला, इथवर आलोय तर वर डोंगरात कुस्को नावाचं जुनं राजधानीचं गाव आहे, तिथं चोवीस जूनला सूर्याचा मोठा सण असतो, तो बघून जाऊ.

कुस्को इतकं उंचावर की जिना चढताना माणूस मध्येच थांबून भिंतीकडं बघायला लागतो. हॉटेलवाल्यांनी कसल्याशा पानांचा काढा दिला. शेजारचा ज्ञानेश्वरही दौऱ्यात होता; त्यानं तो पिऊन सांगितलं की चव गवताची आहे पण श्वास येतो. खोली दुसऱ्या मजल्यावर मिळाली. दोन पलंग, मध्ये एक किटली.

इतक्या दिवसांत दोघा भावांनी बोलायची एक रीत बसवली होती. भावाशी बोलायचं नाही, वस्तूशी बोलायचं. दादाभाऊ नळाकडं बघून म्हणाले, "कुणाला गरम पाणी पायजे आसंल तर डावीकडची चावी. उजवीकडचीनं हात बधिर व्हतो."

बाळासाहेब पडद्याकडं बघून म्हणाले, "म्हाईत हाय. मगाशी झाला."

रात्रीच्या जेवणाला आदेशनं सणाची माहिती दिली. तिकडं जूनमध्ये सूर्य सगळ्यात लांब जातो. तो असाच निघून जाऊ नये म्हणून त्याला परत बोलवायचा हा सण, इंका राजांच्या वेळचा. पुढं स्पेनचे लोक आले, त्यांनी तो बंद केला. तो बंद राहिला चारशे वर्षं. मग ऐंशी वर्षांखाली गावातल्या लोकांनी जुन्या पोथ्यांत वाचून परत सुरू केला.

"चारशे वर्सं?" ज्ञानेश्वर म्हणाला. "आपला शर्यतीचा घाट सात वर्सं बंद व्हता तर आपुन हायवे अडवला. ही मानसं लई गरीब दिसत्यात."

दादाभाऊंनी विचारलं, "राजाचा मान कुणाच्या घरात हाय?"

आदेशनं तिथल्या वाटाड्या बाईंना विचारून सांगितलं, "कुणाच्याच घरात नाही. दरसाल माणसं निवडतात. परीक्षा घेऊन."

"परीक्षा घिऊन मान?" दादाभाऊंनी पाव खाली ठेवला. "मंग भांडण कसं व्हत असंल?"

आदेशनं तेही विचारलं. बाईंनी सांगितलं की ज्याची निवड होत नाही तो त्या वर्षी गर्दीत येत नाही, घरी टीव्हीवर बघतो. हे ऐकून टेबलावर सगळ्यांनाच बरं वाटलं.

पण दादाभाऊंच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. ते म्हणाले, "आदेशराव, हा देव म्हंजी कोणचा सूर्य?"

"सूर्य एकच असतो, दादा."

"त्येच इचारतोय. मंग मला उद्या यायचं न्हाई."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाळासाहेबांनी चमचा ठेवला आणि ज्ञानेश्वरला म्हणाले, "ज्ञानेश्वरा, मलाबी यायचं न्हाई. बाकीच्यांनी खुशाल जावं."

आदेशला वाटलं दोघांना उंचीचा त्रास होतोय. तो काढा मागवायला उठला. ज्ञानेश्वरनं त्याला बसवलं आणि सगळी शपथ सांगितली. आदेश शिकलेला होता, म्हणून त्यानं वाद घातला.

"अहो, हा दुसऱ्या देशाचा देव. ह्याला तुमचा खंडोबा माहीत नाही, भंडारा माहीत नाही."

"दुसऱ्या देशाचा कसा?" दादाभाऊ म्हणाले. "रोज सकाळी आंघोळ करून मी ह्यालाच पाणी देतो. दुसरा कुणी इंका-फिंका देव आसता तर मी आलो आसतो. हा वळखीचा हाय. त्यो मला बघतोय, बाळासाहेबालाबी बघतोय, वाडीबी त्याच्या नजरंत हाय."

"मंग बसून बघा की राव," ज्ञानेश्वर म्हणाला. "शपथ उभं राहायची हाय. आपली खुर्चीची तिकिटं हायती."

"देवाला काय कारकून समजतोस व्हय रं?"

ज्ञानेश्वरनं पुढचा पाव उचलला. विषय संपला.

खोलीत आल्यावर दादाभाऊंनी किटलीला सांगितलं, "एवढ्या लांबनं आल्यालं मानूस. त्यानं जावं. थोरल्याचा गुडघा दुखतोय, त्यो राहील हितं."

बाळासाहेबांनी उशीला सांगितलं, "थोरल्यानं बघितलं म्हंजी धाकट्यानं बघितल्यासारखंच हाय. त्यानं जावं."

किटली आणि उशी दोघीही ऐकून घेणाऱ्यातल्या. सकाळी बस दोघांनाही सोडून गेली.

सूर्य चांगला वर आला होता. दोघं आपापल्या पलंगावर बसून होते. एवढा समुद्र ओलांडून आलेले दोन बागायतदार, आणि खोलीत बघायला एक पंखा, तोही नाही, कारण थंडीच्या गावात पंखा लावत नाहीत. थोड्या वेळानं बाळासाहेब बाथरूममध्ये गेले आणि कडी लागली.

तेवढ्यात शंख वाजला.

दादाभाऊंना आधी वाटलं आपल्या कानाला उंची लागली. पण परत वाजला, आणि मागून ढोल. ते खिडकीशी गेले. खालच्या अरुंद दगडी गल्लीतून बायका हातात झाडू घेऊन रस्ता झाडत येत होत्या. त्यांच्या मागं फुलं उधळणाऱ्या. त्यांच्या मागं रंगीत कपड्यांतली माणसं, शंखवाले, ढोलवाले. त्या सगळ्यांच्या मागं खांद्यावर पालखी. पालखीत सोन्याच्या कपड्यातला राजा, परीक्षा पास झालेला. हॉटेल जुन्या सूर्यमंदिराच्या आणि चौकाच्या मधल्या गल्लीत होतं, आणि मिरवणूक डोंगरावर जायच्या आधी ह्याच गल्लीनं जाते, हे आदेशनं सांगितलं नव्हतं. त्यालाही कुणी सांगितलं नसावं.

समोरच्या सगळ्या गच्च्यांतून माणसं लोंबकळत होती आणि वरून फोटो काढत होती. वाडीत पालखी निघाली की माडीवर माणूस राहू देत नाहीत. बाळंतिणीलासुद्धा खाली आणतात. देवाच्या डोक्यावर उभं राहायचं नसतं. एकदा एक पुण्याचे पाहुणे माडीवरून पालखीचा फोटो काढत होते. त्यांना लोकांनी दंडाला धरून खाली आणलं, आणि मग चहा पाजला.

आणि आता दादाभाऊ स्वतः दुसऱ्या मजल्यावर, आणि पालखी खाली, वीस पावलांवर.

शपथ म्हणत होती थांब. पालखी म्हणत होती खाली ये. दादाभाऊंनी बाथरूमच्या दाराकडं पाहिलं. आत नळ चालू होता. त्यांनी हिशेब केला की बाळासाहेबांचं आटपेपर्यंत पालखी निघून जाईल. म्हणजे ते देवापुढं नसणार, म्हणजे आपण जायला हरकत नाही. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा जग उचलला, चपला पलंगाखाली सोडल्या आणि गुडघा धरून जिना उतरले.

बाळासाहेब बाहेर आले तर खोली रिकामी. शंख त्यांनीही ऐकला होता, आणि माडीवर उभं राहायचं नसतं हे त्यांनाही त्याच आईनं शिकवलं होतं. त्यांनीही हिशेब केला. पाण्याचा जग दिसत नाही, म्हणजे दादा मागच्या बाजूला जेवणघरात पाणी आणायला गेला. म्हणजे तो देवापुढं नाही. ते लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट रस्त्याच्या दाराशीच उघडत होती.

दादाभाऊ तोवर गर्दीतून पुढं सरले होते. पालखी आली की भोयांच्या पायांवर पाणी घालायचं. माणसं लांबून चालून आलेली असतात, रस्ता तापलेला असतो. कुस्कोत त्या सकाळी अंगात दोन स्वेटर होते हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पुढच्या डाव्या भोयाच्या पायांवर त्यांनी भरलेला जग ओतला आणि वाकून हात लावला. भोयानं खांदा हलू दिला नाही. फक्त दोन्ही भुवया वर केल्या आणि ओल्या चपलांनी पुढचं पाऊल टाकलं.

एका पोलिसानं येऊन दादाभाऊंचा दंड धरला.

"ओ पावणं," मागून आवाज आला, "हात सोडा. माझा थोरला भाऊ हाय त्यो."

बाळासाहेब मधे येऊन उभे राहिले होते. त्यांनी पोलिसाला समजावून सांगितलं की पाणी घालणं हा मान असतो, अपमान नसतो, आणि आमच्याकडं हे न घातलं तर भोई रागवतात. हे सगळं मराठीत. पोलिसानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, वाकून पाण्याच्या जगात बघितलं, रिकामा आहे ह्याची खात्री केली आणि दंड सोडला.

पालखी त्या दोघांच्या पुढून गेली. राजानं दोन्ही हात वर सूर्याकडं केले होते. ऊन नेमकं गल्लीत उतरलं होतं, दोघांच्याही तोंडावर.

पालखी गेली. बाळासाहेब म्हणाले, "दादा."

दहा वर्षांनी नळ, पडदा, उशी सोडून थेट माणसाला हाक मारली होती. दादाभाऊंनी ते ऐकलं आणि त्याच्यामागचंही ऐकलं.

"व्हय," ते म्हणाले. "उभं राहिलो दोघंबी."

"आता?"

"आईला फोन लाव."

बाळासाहेबांनी व्हिडिओ कॉल लावला. घंटी वाजत राहिली. तिकडं वाडीत रात्रीचे आठ वाजून गेले असणार. कुणी उचलला नाही. परत लावला. कुणी उचलला नाही. दादाभाऊ हॉटेलच्या पायरीवर बसले. पायात काही नव्हतं आणि दगड गार होता. आपण आईला कुठं कुठं नेलं नाही ते त्यांना आठवायला लागलं. नेलं होतं ते आठवेना. शेजारी बाळासाहेब बसले. दोघांच्या मध्ये रिकामा जग.

तिसऱ्यांदा प्रतिभानं उचलला. प्रतिभा म्हणजे दादाभाऊंची बायको. मागं टीव्हीवर कुणीतरी मोठ्यानं रडत होतं.

"आई कुठं हाय?" दादाभाऊ म्हणाले.

"जेवत्यात."

"हालचाल करत्यात का?"

"जेवत्यात म्हणलं न्हवं. हालचाल केल्याबिगार कशा जेवतील? आन बाळासाहेब भावजींचा फोन तुमच्याकडं कसा? कुणी रडतंय का तिकडं?"

"तुज्या टीव्हीत रडत्यात. आईला दे."

गोजरबाईंनी फोन घेतला तो आधी उलटा धरला. मग छपराचे पत्रे दिसले, मग त्यांचं अर्धं तोंड. तोंडात घास होता.

"आई, एक चूक झाली," दादाभाऊ म्हणाले.

"कुणाची?"

"दोघांची."

"दोघांची?" गोजरबाईंनी फोन लांब धरून बघितलं. एका चौकटीत दोन्ही पोरं होती. त्यांनी घास गिळला. "सांग."

दादाभाऊंनी सांगितलं. बैलांचं, नावाचं, भंडाऱ्याचं, आणि गळ्याचं. गळ्याच्या पुढचं बाळासाहेबांनी सांगितलं. पालखीचंही सांगितलं. पोलिसाचं वगळलं.

प्रतिभानं टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

"माझ्या गळ्याची?"

"व्हय."

"आन मला कुणी इचारलं व्हतं?"

गोजरबाईंनी ताट बाजूला सारलं.

"गळा माझा. त्याची आण घ्यायची तर मला इचारायचं. मी व्हय म्हणले आसते तर लागू झाली आसती. मी घरात पुरण वाटतीया, आन ही दोघं देवळात माझा गळा वाटून घेत्यात. कशाची शपथ?"

"पन भंडारा उचलला व्हता, आई," बाळासाहेब म्हणाले.

"भंडारा कुठनं आणला व्हता?"

"घरनं."

"घरचा भंडारा मी हळद कुटून करते. त्योबी माझाच. मला न इचारता उचलला. चोरीच्या भंडाऱ्यानं शपथ लागत न्हाई." मग त्यांनी जरा थांबून विचारलं, "धा वर्सं ह्यापायी थांबला व्हता व्हय रं?"

"व्हय."

"मला वाटलं नावासाठी."

त्यांनी दाराबाहेर बघितलं.

"हितं मावळून घंटा झाला," गोजरबाई म्हणाल्या. "तिकडं ऊन हाय का?"

"लई हाय."

"मंग टोप्या घाला," त्या म्हणाल्या आणि फोन प्रतिभाच्या हातात दिला, कारण भाकरी गार होत होती.

दादाभाऊंना हा निकाल सगळा पटला की नाही हे सांगता येत नाही. पण निकाल देणाऱ्याचाच गळा होता, त्यामुळे त्याच्या वर अपील नव्हतं.

दुपारी दोघं एकाच टॅक्सीनं डोंगरावर गेले. वर हत्तीएवढ्या दगडांच्या भिंती, चुना नाही, सिमेंट नाही, आणि दोन दगडांत सुरी जाणार नाही. बाळासाहेबांनी नखानं करून बघितलं. मधल्या मैदानात सण, चारी बाजूंना खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या मागं टेकडीवर फुकटातली गर्दी. कुणी पुढं उभा राहिला की मागचे त्याला फळांच्या साली मारत होते. दादाभाऊंना तिथं पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

ज्ञानेश्वरनं दोघांना बरोबर येताना पाहिलं. तो आदेशला म्हणाला, "बघू नका तिकडं. बघितलं की परत रुसतील."

मैदानात राजा त्यांच्या जुन्या भाषेत पुष्कळ बोलला. आदेशला ती भाषा येत नव्हती, वाटाड्या बाईंना थोडी येत होती, त्यामुळे जे मराठीत पोचलं ते एवढंच की तो सूर्याला 'बाप' म्हणतोय आणि परत ये म्हणतोय. मग एक लामा आणला. उंटाचं तोंड, मेंढीचं अंग. त्याला आडवा धरला, सगळ्यांनी त्याच्यावर गर्दी केली आणि काळीज वर उचलून दाखवलं.

"खरंच मारला?" बाळासाहेबांनी विचारलं.

"नाही. नाटक आहे. लामा मागच्या बाजूनं नेतात."

"आपल्याकडंबी आसं केलं आसतं तर कोर्ट मधी आलं नसतं," ज्ञानेश्वर म्हणाला. "बैलं नुसती उभी करायची आन आपुन पळायचं."

काळीज बघून पुजाऱ्यानं साल चांगलं जाईल असं सांगितलं. कुणाचं, ते सांगितलं नाही.

शेवटी राजानं दोन्ही हातांत पेला धरून सूर्याला दिला आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. खुर्च्यांवरची माणसंही उठली. दादाभाऊ उठले. बाळासाहेब अर्धवट उठून थांबले आणि त्यांनी भावाकडं पाहिलं. दहा वर्षांची सवय अंगात असते.

"ऊठ की," दादाभाऊ म्हणाले. "मागच्याच्या साली खाशील."

त्यांनी पाण्याची बाटली उघडली, ओंजळीत घेतलं आणि सूर्याला दिलं. बाटली बाळासाहेबांकडं सरकवली. बाळासाहेबांनीही दिलं. पुढच्या खुर्चीवरच्या गोऱ्या बाईंच्या टोपीवर थोडं पडलं, त्यांनी वळून हसून दाखवलं.

पण भीती काही एकदम जात नाही. पुढचे सगळे दिवस दादाभाऊ सकाळ-संध्याकाळ घरी फोन लावून आईची हालचाल विचारत होते. शेवटी प्रतिभा म्हणाली, "त्या म्हंत्यात, एकदाच काय ते मरू का?" परत आले तेव्हा गोजरबाई पडवीत लसूण सोलत होत्या. त्यांनी दोघांना एका गाडीतून उतरताना पाहिलं, पाणी दिलं आणि लसूण सोलायला घेतला. त्या पावसाळ्यात त्यांना साधा खोकला झाला, तेव्हा दोन्ही भावांनी त्यांना नारायणगावला दोन वेगवेगळ्या डॉक्टरांना दाखवलं. दोघांनी एकच औषध लिहून दिलं.

२०२५ च्या चैत्री पुनवेला यात्रा भरली. शर्यती केव्हाच परत सुरू झाल्या होत्या, घाटात भिर्रर्रची आरोळी चालली होती. पण दोघा भावांनी आपापले बैल बंदीच्या काळात विकले होते, त्यामुळे कुणाचं नाव आधी पुकारायचं हा प्रश्न आला नाही. सकाळी गोजरबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या. एका बाजूनं दादाभाऊ, दुसऱ्या बाजूनं बाळासाहेब. देवळापाशी त्या थांबल्या आणि वर बघितलं.

"पायऱ्या वाढवल्या का रं?"

"न्हाई आई. तेवढ्याच हायत."

"मंग उंच केल्यात."

त्या चढल्या. दादाभाऊंच्या हातात आईचा दंड होता, आणि दंडाखाली नाडी उडतेय का हे ते प्रत्येक पायरीला बघत होते. उडत होती. गाभाऱ्यापुढं तिघं उभी राहिली. गोजरबाईंनी देवाकडं बघितलं, मग डावीकडं, मग उजवीकडं, परत देवाकडं. गुरवानं भंडारा लावला. त्या म्हणाल्या, "ह्यो बाजारातला हाय. लई पिवळा," आणि बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. मागं रांग तुंबली.

दुपारी सगळे एका पंगतीला जेवले.

शपथेनंतर त्या दोघांनी बरोबर उभं राहून केलेली वाडीची यात्रा ती एकच. गोजरबाई आहेत, ऐकायला कमी येतं. बाळासाहेब त्याच साली, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, ३ नोव्हेंबर २०२५ ला सकाळी गोठ्यात बसल्या जागी वारले.